तीन पायांचा मोर

१

सोलापूरच्या भवानी पेठेत तिप्पण्णाची थाप न खाल्लेला खांदा शोधून सापडला नसता. माणूस चहा पीत बसला असला की हा मागून यायचा, खांद्यावर दोनदा मारायचा, थप थप, आणि माणूस वळेपर्यंत पलीकडच्या बाकावर पेपर वाचत बसलेला असायचा. पेपर उलटा. साठी गाठली तरी खोडी गेली नव्हती. मामलेदाराचा आवाज काढून रेशनवाल्याला घाम फोडायचा. गल्लीत नवा जावई आला की त्याला सासऱ्याच्या आवाजात संडासातून हाक मारायचा, "जावईबापू, टमरेल राहिलं बघा!" बायको कमलम्मा म्हणायची, "ह्यांच्या मयताला बी लोक हसतच येतील." ते ऐकून तिप्पण्णाला फार बरं वाटायचं.

असल्या माणसाकडं चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा उठली होती आणि पाळणेवाले अजून खांब उपटत होते तेव्हा, पुण्याहून दोघं जण सिनेमा काढायला आले. सिनेमा म्हणजे माहितीपट. नाचगाणं नाही, नटी नाही, हे कळल्यावर तिप्पण्णाची अर्धी हौस तिथंच मेली. मोठे साहेब मानसिंगराव. दाढी, जाड चष्मा, आणि सोलापुरात स्वेटर घालून फिरायची हिंमत. दुसरा कॅमेरेवाला भीमाशंकर, मूळचा सोलापूरचाच, पण पुण्याचं पाणी प्यायल्यापासून 'हाय'चं 'आहे' झालेला.

सिनेमा होता येडू रंगाऱ्याच्या खुनाचा. चोपन्न साली येडूला त्याच्याच रंगाच्या हौदापाशी कुणीतरी भोसकलं होतं. वळसंगचा शिवलिंगप्पा नावाचा शेतकरी त्यात जन्मठेपेला गेला. बायकोच्या इरकल लुगड्याचा रंग बिघडवला म्हणून आदल्या दिवशी त्याचं येडूशी भांडण झालं होतं एवढं खरं. पण नुसत्या भांडणावर कोण जन्मठेप देतो? खिळा ठोकला तो एका साक्षीदारानं. खुनाच्या वेळी गल्लीतून चादर पांघरून पळणारा माणूस त्यानं पाहिला होता, आणि पुढं ओळख परेडीत आठ जणांतून बरोबर शिवलिंगप्पाच्या खांद्यावर हात ठेवला होता. शिवलिंगप्पा सहाव्या वर्षी तुरुंगातच खोकून खोकून मेला. मरेपर्यंत म्हणत राहिला, मी नाही.

तो साक्षीदार म्हणजे हे तिप्पण्णा.

"निकाल चुकला असं आम्ही म्हणत नाही," मानसिंगराव म्हणाले. "आम्ही फक्त विचारतोय."

"इचारा की सायेब. माझं तोंड काय सरकारनं सील केलंय?"

"शिवलिंगप्पांच्या पत्नी आहेत अजून. मल्लव्वा. त्याही येणार आहेत. त्यांना तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय."

तिप्पण्णानं बशीतल्या चहावर फुंकर मारली. चहा केव्हाच गार झाला होता.

२

पहिलं शूटिंग तिप्पण्णाच्या घरी, पुढच्या खोलीत. खोलीत अर्ध्याला खड्डामाग, खड्ड्यात पाय सोडून विणायचा. तीन वर्षं बंद, वर पोती टाकलेली. त्याच्यासमोर खुर्ची मांडून तिप्पण्णाला बसवलं, तोंडापुढं माईक आला, आणि गडी खुलला. ही गोष्ट त्यानं वीस वर्षं चहाच्या दुकानात सांगितली होती. कुठं थांबायचं, कुठं डोळे मोठे करायचे, सगळं पाठ.

"थंडीचं दिवस. आठ जण रांगेत, आठ चादरी. आरोपीच्या दंडाला पट्टी हुती, ती दिसू नये म्हणून समद्यास्नीच गुंडाळलेलं. निस्ती तोंडं उघडी. त्यात माझा बी पाय जायबंदी. मागाच्या खड्ड्यात सापडून डाव्या आंगठ्याचं नख गेलेलं, तांबडी चिंधी बांधलेली. तसाच लंगडत निघालो. टप, घस. टप, घस. एकेकाच्या म्होरं थांबायचं, बघायचं, फुडं. आन् तिसऱ्यापाशी..." हवेतच हात उचलून त्यानं दोनदा मारला. थप थप. "ह्योच की! शंभरात वळखीन!"

"कशावरून ओळखलंत?" मानसिंगरावांनी विचारलं.

"चेहऱ्यावरनं."

उत्तर इतक्या चटकन आलं की भीमाशंकरनं कॅमेऱ्याआडून मान वर करून पाहिलं.

मग आवाज नीट आलाय का बघायला मानसिंगरावांनी टेप मागं फिरवून लावली. आपलाच आवाज ऐकून तिप्पण्णा खूश झाला. आपल्याहून चांगला वाटत होता. 'शंभरात वळखीन' झालं. 'कशावरून ओळखलंत' झालं. 'चेहऱ्यावरनं' झालं.

आणि त्याच्यामागं, हळू, खोलीतल्याच फरशीवर: टप. घस. टप. घस. मग थांबलं. कुणीतरी थांबून बघावं एवढा वेळ. मग पुन्हा: टप. घस.

"कमलम्मा, तुम्ही चालत होता का मागं?" मानसिंगरावांनी विचारलं.

"मी? मी तर हितं उंबऱ्यावर बसलेली. शेंगा फोडत." तिनं मांडीवरचं सूप दाखवलं.

"ह्यांनी मघाशी तोंडानं आवाज काढून दाखवला ना, तो असेल," भीमाशंकर म्हणाला.

पण तो मघाचा आवाज टेपवर मघाच येऊन गेला होता. तिघांनाही ते कळलं. तिप्पण्णा म्हणाला, "उंदीर असंल. आमच्याकडचं उंदीर लई म्हातारं झाल्यात, लंगडत्यात." सगळे हसले. तिप्पण्णानं डावा पाय हळूच खुर्चीखाली घेतला. तो पाय बरा होऊन वीस वर्षं झाली होती.

३

आता खरं काय ते. चेहरा तिप्पण्णानं पाहिलाच नव्हता.

चादरीवर नक्षी पाडायला मागावर भोकांचे पुठ्ठे लावतात. जिथं भोक, तिथं रंग. खुनाच्या आदल्या वर्षी मालकाची गंमत करावी म्हणून तिप्पण्णानं एका पुठ्ठ्याला चार भोकं जास्त पाडली, आणि मोराला तिसरा पाय फुटला. एकच चादर निघाली तेवढ्यात मालकानं पाहिलं. आई-माई काढून त्यानं पुठ्ठा फाडला आणि चादर गड्ड्याच्या यात्रेत कुणाच्या तरी गळ्यात मारली. साऱ्या जगात तसली एकच.

म्हणून त्या दिवशी गल्लीतून पळणाऱ्या माणसाच्या पाठीवर तीन पायांचा मोर दिसला तेव्हा तिप्पण्णाला हसू आलं होतं. माझा मोर पळतोय! येडू हौदापाशी पडलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. माणसाचं तोंड बघायचं त्याच्या मनातच आलं नाही. विणकर आधी कापड बघतो, माणूस मग. लग्नाला गेला तरी नवरीच्या आधी शालूचे काठ बघून येणार.

परेडीतही तेच. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याच्या छातीवर मोर. पाय तीन. हात आपोआप उठला. थप थप.

परेड संपल्यावर घडी घालताना हवालदार हसत हसत म्हणाला होता, "तिप्पण्णा, ही बघ की. कुठल्या येड्यानं इणलीय? मोराला तीन पाय. रंगाऱ्याच्या मागं नाल्यात पडलेली गावली. आज आठवी चादर कमी पडत हुती, म्हणून हीच घेतली."

खुनी चादर टाकून पळाला होता. ती परेडीत कुणाच्याही अंगावर गेली असती. शिवलिंगप्पाला थंडी जास्त वाजत होती आणि ती जाड होती, म्हणून त्यानं ती घेतली. एवढंच.

तिप्पण्णाला तिथंच बोलता आलं असतं. पण 'मी मोरावरून ओळखला' म्हटलं असतं तर हवालदार हसला असता, फौजदार हसला असता, कोर्टात वकील पोट धरून हसले असते. सगळ्या पेठेची टर उडवणाऱ्या माणसाला तेवढी एकच गोष्ट सोसत नव्हती. तो गप्प राहिला. पुढं कोर्टात शपथेवर बोलला, चेहऱ्यावरनं. आणि मग बोलायची वेळ निघून गेली ती गेलीच.

४

दुसऱ्या दिवशी मानसिंगरावांनी फर्मान काढलं, ओळख परेड पुन्हा करून दाखवायची. हमाल आठ मिळाले. चादरी आणायला नव्या पेठेत गेले तेव्हा तिप्पण्णा मुद्दाम बरोबर गेला.

"मोराची बघा साहेब, अस्सल," दुकानदारानं घडी झटकली.

"नगं नगं," तिप्पण्णा म्हणाला. "मोर लई जुना झाला. चौकडा द्या."

"पण त्या काळी सोलापुरात मोराच्याच चादरी असायच्या ना?" मानसिंगराव म्हणाले.

"तुमी हुता का तितं?"

मानसिंगराव नव्हते. आठ चौकड्याच्या चादरी घेतल्या. तिप्पण्णानं एकेक उलगडून, बोटानं चाचपून पाहिली. चौकडा, चौकडा, सगळीकडं चौकडा. गठ्ठा त्यानं स्वतः बांधला आणि टांग्यात मांडीवर घेऊन बसला.

भवानी पेठ येईपर्यंत त्याच्या नाकात एक वास बसला होता. मागावरून नुकत्याच उतरलेल्या कापडाला येतो तो, ओल्या खळीचा आंबूस वास. दुकानातल्या धुतलेल्या चादरींना तो यायचं काही कारण नव्हतं. 'सर्दी झालीय,' त्यानं स्वतःला समजावलं. सर्दी झाली की वास येत नाहीत, हे त्याला दोन मिनिटांनी आठवलं.

५

तुरुंगात शूटिंगला परवानगी मिळाली नाही, म्हणून सरकीच्या एका बंद गोदामाचं आवार घेतलं. सकाळचे नऊ. स्वच्छ ऊन. चारी बाजूंनी पत्र्याच्या भिंती, आणि एका भिंतीला पाठ लावून आठ हमाल, चादरी गुंडाळून. भुताखेताला जागा म्हणून कुठं नव्हती.

मल्लव्वा आधीच येऊन स्टुलावर बसली होती. लहानखुरी बाई, कपाळावर विभूती. अंगावर इरकल लुगडं होतं. पदराच्या खाली हातभर पट्टा फिका, रंग खाल्लेला. येडूनं बिघडवलेलं तेच ते. तिप्पण्णानं बाईकडं पाहिलं नाही, पण तो पट्टा पाहिला.

"चला तिप्पण्णा," मानसिंगराव म्हणाले. "त्या दिवशी गेलात तसे."

तिप्पण्णा निघाला. सरळ पायानंच. पहिला. दुसरा. तिसरा सिदू नावाचा हमाल, गालात तंबाखू. सिदूच्या छातीवर मोर होता. लाल पिसारा, काळा डोळा, आणि खाली पाय. एक. दोन.

तिप्पण्णानं डोळे मिटले. उघडले. चौकडा.

मोतीबिंदू. दुसरं काय? डॉक्टरनं दोनदा सांगितलंय, कापून घ्या म्हणून. त्यानं सिदूच्या खांद्यावर हात मारला. थप थप. चादर हाताला खरखरीत लागली, खळीनं ताठ.

"ह्योच की," तो म्हणाला. आवाज चिरकला.

"कट! छान!" मानसिंगराव म्हणाले. "ती भीती फार छान दाखवलीत."

६

मग मल्लव्वाला त्याच्यासमोर बसवलं. कॅमेरा घरघरत होता.

"अण्णा," ती म्हणाली, "मी भांडायला न्हाय आले. त्यो गेला. आता कोर्ट तरी काय देणार? पन माझ्या लेकाला गावात अजून खुन्याचं पोर म्हनत्यात. त्येच्या पोरीला सोयरीक येत न्हाय. म्हणून इचारते. तुमी तोंड बघितलंवतं?"

"बघितलं हुतं की."

"कसं हुतं?"

"कसं म्हंजी?"

"तोंड त्येचं. हितं," तिनं स्वतःच्या गालावर, नाकावर, कपाळावर बोट फिरवलं, "हितं काय हुतं?"

तिप्पण्णाच्या मनात शिवलिंगप्पाचं तोंड शोधायला जावं तर तिथं मोर उभा. त्याच्यावर मान होती, मानेवर काहीच नव्हतं.

"हितं नाकाच्या जागी नाकच हुतं की अव्वा!" तो म्हणाला. "सोंड असती तर ध्यानात ऱ्हायली असती!"

हमाल खो खो हसले. भीमाशंकरचाही खांदा हलला. मल्लव्वा हसली नाही.

"देवीचं वण हुतं," ती म्हणाली. "समद्या तोंडावर. ल्हान पोरं भ्यायची त्येला बघून. ज्यानं एकडाव बघितलं, त्यो इसरला न्हाय."

"ईस वर्सं झाली, मल्लव्वा. इसरतं माणूस."

"व्हय," ती म्हणाली. "इसरतं. मी हाय हितं दिवे लागंपर्यंत. आठवलं तर सांगा." आणि उठून पुन्हा स्टुलावर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून.

सांगावं, असं तिप्पण्णाला वाटलं. घशापर्यंत आलं. पण हमाल अजून हसत होते, एक जण नाकाला हात लावून सोंड करून दाखवत होता, आणि त्या हसण्यात त्याला इतकं ऊबदार वाटलं, की आलेलं त्यानं गिळून टाकलं.

७

अकराच्या सुमाराला बाहेर ट्रक लागला आणि सिदूला मुकादमानं हाक मारली. चादर भिंतीशी टाकून तो गेला.

"सात राहिले," मानसिंगराव वैतागले. मग त्यांच्या डोक्यात कल्पना आली. "तिप्पण्णा, एका शॉटपुरते तुम्हीच उभे राहा त्या जागी. आता कॅमेरा म्हणजे साक्षीदार. भीमा समोरून रांगेवर कॅमेरा फिरवेल, एकेका तोंडावर थांबत. तुम्ही फक्त उभं राहायचं. हलायचं नाही."

नाही म्हणायला कारण नव्हतं. तिप्पण्णा तिसऱ्या जागी जाऊन उभा राहिला. भीमाशंकरनं येऊन त्याच्या अंगाभोवती चादर घट्ट गुंडाळली, हात आत, आणि वीस पावलांवर तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यामागं जाऊन वाकला. शेजारीच मानसिंगराव कानाला यंत्र लावून टेपपाशी. पलीकडं मल्लव्वा. रांगेतले हमाल नाकासमोर बघत गप्प. आवारात तेवढीच माणसं. तिप्पण्णानं दोनदा मोजली.

चादर जड होती. ओली असावी तशी जड. खळीचा वास आता नाकात नव्हे, तोंडात आला. खाली बघायचं नाही असं त्यानं ठरवलं आणि खाली पाहिलं.

लाल पिसारा. काळा डोळा. एक पाय. दोन. तीन.

"स्टार्ट," मानसिंगराव म्हणाले.

रांगेच्या टोकाला, उजव्या हाताला, वाळूवर पाय पडला. टप. आणि ओढला. घस.

कॅमेरा वीस पावलांवर होता. भीमाशंकर जागचा हलला नव्हता. टप. घस. पहिल्या हमालापाशी ते थांबलं. थांबून बघावं एवढा वेळ. हमाल जांभई देत होता.

टप. घस. दुसऱ्यापाशी थांबलं.

तिप्पण्णाला ओरडायचं होतं, पण आधी विचार करायचा होता. हे उन्हात घडतंय. माझं वय झालंय. सकाळपासून पोटात काही नाही. बघितलं की कळेल, कुणी नाही. नुसती मान वळवून तोंडाकडं बघायचं, बस्स. त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला आणि नजर खालीच राहिली, वाळूवर, जिथं दोन पाय त्याच्याकडं वळत होते. टाचा भेगाळलेल्या, पोटऱ्यांवर सुताचे तंतू चिकटलेले. डाव्या अंगठ्याला चिंधी. तांबडी. अजून ओली.

टप. घस.

ते त्याच्यासमोर आलं. आणि थांबलं. ते कुठं बघतंय हे तिप्पण्णाला बघायची गरज नव्हती. छातीवर, मोरावर, ती नजर हातासारखी फिरत होती. खाली खाली येत होती. पायांपर्यंत.

"चादर बघू नगंस!" तिप्पण्णा किंचाळला. "तोंड बघ! माझ्या तोंडाकडं बघ रं! चादर कुनाची बी असंल! नाल्यात गावली हुती ती, हवालदारानं दिली! तोंड बघितल्याबिगर हात लावू नगंस!"

मग एक हमाल फिस्सकन हसला, आणि सगळी रांग हसायला लागली. पोट धरून. चादरी सुटेपर्यंत. "आयला, तिप्पण्णा म्हंजी तिप्पण्णाच!" भीमाशंकर कॅमेऱ्यामागं हसत होता. मानसिंगराव म्हणाले, "अहो, हे आत्ता नको होतं, पण जबरदस्त..."

"हसू नका रं!" तिप्पण्णा रडत होता. "खरं हाय त्ये! म्यां तोंड बघितलंच नव्हतं!"

ते आणखीच हसले.

एकटी मल्लव्वा हसत नव्हती. ती स्टुलावरून उठली होती. बिघडलेल्या रंगाचा पदर हातात घट्ट धरून ती तिप्पण्णाकडं बघत होती, आणि मग, हळूहळू, तिची नजर तिप्पण्णावरून निघून त्याच्या अगदी समोरच्या रिकाम्या जागेवर गेली. तिथं गेली आणि वर चढत, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर थांबली. पदरासकट हात तिच्या तोंडाशी गेला.

"अय्यो अण्णा," ती म्हणाली. "तुमीच की हो ह्ये."

तिप्पण्णाला अजूनही मान वर करता आली नाही.

खांद्यावर हात पडला. हलका, ओळखीचा. थप थप.

मानसिंगरावांनी कानावरचं यंत्र एका हातानं दाबून धरलं आणि त्यांचं हसू थांबलं. तिप्पण्णानं दात घट्ट आवळले होते. ओठ मिटलेले होते. आणि त्याच्याच आवाजात, वीस वर्षांपूर्वीच्या भरदार, खुशीतल्या आवाजात, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कुणीतरी म्हणालं,

"ह्योच की. शंभरात वळखीन."